विकांताची भट्टी

माझं एक मत आहे. ते ऐकून आई हसते आणि हापिसातले मित्र विषय बदलतात. मत असं, की घरी भाजायला शिकायचं असेल तर सोप्यापासून सुरुवात करू नये, सरळ अवघडालाच हात घालावा. आधी कपकेक, मग बिस्किटं, मग पाव आणि मग पुढचं काय ते, ही इयत्तावार चढण इथे काही कामाची नाही. आपल्या कुवतीच्या दोन पायऱ्या वरचा पदार्थ निवडावा, त्याचे तुकडे पाडावेत आणि दर विकांताला एकेक तुकडा घोटावा. पदार्थ व्हायचा तेव्हा होईल.

(बेकिंगला मी भाजणं म्हणतो. भाजणं म्हटलं की लोकांना वांगं आठवतं, त्याला माझा इलाज नाही.)

आता थोडी पार्श्वभूमी. मी आठवडाभर मालाडला असतो. तिघांत भाड्याने घेतलेल्या खोलीत एक गॅस, एक कुकर आणि एक सततचं भांडण, की भांडी कोण घासणार. घर मात्र कासाला. बाबा तिकडच्या आश्रमशाळेत मास्तर, त्यामुळे आमचं लहानपण तिथलंच. ज्यांना कासा माहीत नाही (म्हणजे बहुतेक सगळ्यांना) त्यांच्यासाठी: मुंबई-अहमदाबाद हायवेवर चारोटी नाका लागतो, त्याच्या जवळ, सूर्या नदीच्या काठी, डहाणू तालुक्यात. विवळवेढ्याची महालक्ष्मी तरी ऐकली असेल, चैत्रात मोठी यात्रा भरते, तोच परिसर. लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते, तिथून वीस-पंचवीस किलोमीटर एसटी नाहीतर शेअर जीप. शुक्रवारी रात्री पोचलो की दोन अख्खे दिवस हातात. कासाच्या घरात मोठा ओटा आहे, फ्रिज आहे, मागच्या अंगणात चूल आहे आणि आईचा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आहे, झाकणावर काचेची खिडकी असलेला. त्याच्या शेजारी आता माझा ओटीजी बसतो. दोघांचं बरं जमतं.

तर मुद्दा. अवघडच का?

सोप्या पदार्थात शिकायला फारसं काही उरलेलंच नसतं. केकचं पाकीट आणा, अंडी फोडा, ढवळा, चाळीस मिनिटांनी बाहेर काढा. छान लागतो, वाद नाही. पण पाकीट बनवणाऱ्याने सगळे निर्णय आधीच घेऊन ठेवलेले असतात, आपण फक्त 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतो. असं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करून कुणी इंजिनियर झाल्याचं ऐकिवात नाही. उलट अवघड पदार्थ म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या कसबांचं गाठोडं असतं. ते सोडलं की प्रत्येक कसब स्वतंत्रपणे शिकता येतं, आणि गंमत म्हणजे त्यातली दोन-तीन आपल्या घरात आधीपासून कुणाला तरी येत असतात. ती कुणाला येतात हे शोधून काढणं हाच माझ्या मते या उद्योगातला सगळ्यात मोठा आनंद.

उदाहरण देतो. मी धरलं क्रोसाँ. फ्रेंच प्रकार, चंद्रकोरीच्या आकाराचा, आत पदरच पदर. पहिल्यांदा पाकृ वाचली तेव्हा वाटलं, हे आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. पिठाची लाटी, तिच्यात लोण्याचा चौकोन, घडी, लाटणं, गार करणं, पुन्हा घडी. तीन पदरी घडी तीनदा घातली की लोण्याचे थर होतात ३ × ३ × ३, म्हणजे २७. आईला हे सगळं समजावून सांगितलं. चित्र काढून. ती शांतपणे म्हणाली, "अरे, म्हणजे चिरोटेच की. फक्त तुमचा साटा लोण्याचा."

आणि खरंच की! साटा म्हणजे तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेलं लेपण. पोळीवर साटा, त्यावर पोळी, पुन्हा साटा, गुंडाळी, कापून लाटणं. तळताना पदर सुटतात. शेकडो घरांत दर दिवाळीला हे चालतं. ज्याला पुस्तकात लॅमिनेशन म्हणतात त्याला आपल्याकडे केव्हापासून शब्द आहे आणि तो फक्त दोन अक्षरी आहे. इराण्याकडची खारी तरी दुसरं काय असते? चहात बुडवताना तिचे पदर आपण वर्षानुवर्षं मोजत आलोय.

फरक कुठे आहे ते मग समजून घ्यायला मजा आली. तुपात पाणी जवळजवळ नसतं. लोण्यात साधारण सोळा टक्के असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ दोन पदरांना एकमेकांपासून उचलते. चिरोट्यात वाफ येते ती पोळीच्या पिठातल्या पाण्याची, आणि साट्यातली पिठी तुपाला पोळीत मुरू न देण्याचं काम करते. तत्त्व तेच, की दोन पदरांमध्ये स्निग्ध थर अखंड राहिला पाहिजे. तो फाटला किंवा वितळून पिठात मुरला की पदर संपले आणि राहिला तो नुसता ब्रेड.

इथे कासाची हवा आडवी येते. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांना पूर्ण वितळतं, मऊ तर त्याच्या कितीतरी आधी पडतं. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात दुपारी चौतीस-पस्तीस सहज असतात. फ्रान्समधल्या माणसाने लिहिलेलं 'रूम टेंपरेचर' आणि आमचं 'रूम टेंपरेचर' ही दोन वेगळी राज्यं आहेत. तेव्हा वेळापत्रक असं ठरलं. काम फक्त डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पाच ते सात, जेव्हा कासाला स्वेटर लागतो.

आणि तुकडे असे पाडले. पहिल्या विकांताला लोणी नाहीच. नुसत्या पिठाच्या घड्या घालायच्या, चौकोन चौकोनच राहतो का, कडा सरळ येतात का, एवढंच बघायचं. सराव झाला की त्या पिठाच्या शंकरपाळ्या. (वाया काही जात नाही, आई खूश.) दुसऱ्या विकांताला फक्त लोणी. दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने थापायचं, समान जाडीचा चौकोन करायचा. लोणी तुटायला नको आणि बोटाला चिकटायलाही नको, चामड्याच्या पट्ट्यासारखं वाकलं पाहिजे. हा क्षण थर्मामीटर सांगतो त्याच्या आधी बोट सांगतं. तिसऱ्या विकांताला दोन्हीची गाठ. चौथ्याला आकार आणि फुगवणं. पाचव्याला भट्टी. महिन्याभराने जे ताटात आलं ते पॅरिसच्या माणसाने ओळखलं नसतं कदाचित, पण कापल्यावर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होती आणि बाबांनी चहाबरोबर तीन खाल्ली. आता पुढच्या थंडीत पुन्हा.

दुसरा प्रकल्प याहून धाडसी आणि पूर्ण गावठी. ताडीचा पाव.

पाव हा शब्दच पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत डहाणूपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांकडे होता, पलीकडचं दमण तर १९६१ पर्यंत. पोर्तुगीज पाव घेऊन आले तेव्हा इथे यीस्टची पाकिटं मिळत नव्हती, हे उघड आहे. गोव्याच्या पोदेरांनी पीठ आंबवायला माडाची सूर वापरली. वसईच्या ईस्ट इंडियन घरांत फुगे करतात, त्यांचंही पीठ जुन्या पद्धतीत ताडीने फुगवायचं. आणि आमच्याकडे तर ताडाची आणि शिंदीची झाडं पावलोपावली. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ताडीचा हंगाम. म्हणजे जगातले लोक काचेच्या बरणीत पीठ-पाणी कालवून आठ-आठ दिवस ज्या जंगली यीस्टची वाट बघतात, ते आमच्या झाडाला मडक्यात टांगलेलं असतं!

ताडी म्हणजे जिवंत आंबवण. पहाटे काढलेली गोड, ऊन चढेल तशी आंबट. यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जिवाणू, दोन्ही त्यात नांदतात. पावाला ती सकाळी आठ-नऊच्या सुमाराची लागते, गोडी अजून आहे आणि बुडबुडे सुरू झालेत अशी. दुपारची घेतली तर पाव आंबट. आणि घ्यायची ती परवानाधारक ठिकाणची किंवा डोळ्यांदेखत उतरवलेली, भेसळीची ताडी पोटालाच चालत नाही तर पावाला काय चालणार. (बाबांना आधी कल्पना देऊन ठेवा. मुलगा शनिवारी सकाळी आठ वाजता ताडीची बाटली घेऊन घरात शिरतो याचे गावात वेगवेगळे अर्थ निघू शकतात. :) )

पावाचं गणित मात्र कुठेही तेच. भट्टीवाले सगळं मैद्याच्या टक्क्यात मोजतात, ही पद्धत मला फार आवडली. मैदा १००, पाणी ६५, मीठ २, पाकिटातलं यीस्ट १. म्हणजे अर्धा किलो मैद्याला ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम यीस्ट. चार पाव करा नाहीतर चारशे, टक्के बदलत नाहीत. ताडीच्या पावात यीस्ट शून्य आणि त्या ३२५ पैकी २०० ताडी. पाकिटातल्या यीस्टला जिथे तास-दीड तास पुरतो तिथे ताडीला निदान अर्धा दिवस द्यावा लागतो. पण तेवढ्या वेळात पिठाला जी चव येते ती पाकिटाला येत नाही.

आणखी एक सूत्र सांगतो, कारण हे कळल्यापासून माझा पाव ऋतूंच्या मर्जीवर राहिला नाही. मळून झालेलं पीठ साधारण २६ अंशांना असावं. मग २६ गुणिले ३, म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, मैद्याचं वजा करा आणि हाताने मळताना वाढणारे दोनेक अंश वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान. मे महिन्यात कासाला: ७८ – ३४ – ३३ – २ = ९, म्हणजे फ्रिजमधलं गार पाणी. जानेवारीच्या पहाटे: ७८ – १७ – १८ – २ = ४१, म्हणजे कोमट. सगळ्या पाककृतींत डोळे मिटून 'कोमट पाणी घ्या' असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात कोमट पाणी घेतलं तर पीठ आपण भांडी आवरेपर्यंत परातीबाहेर येतं.

मैद्याचंही असंच. परदेशी पुस्तकात पावासाठी बारा-तेरा टक्के प्रथिनांचं पीठ सांगतात. आमच्या भुसाऱ्याकडचा मैदा त्याहून हलका. मग काय करायचं? आपली कणीक! गव्हाच्या आट्यात प्रथिनं चांगली असतात, पण कोंड्याने पिठाचे धागे कापले जातात आणि चक्कीवर दळताना स्टार्चची मोडतोड झाल्यामुळे ती पाणी जास्त पिते. म्हणून थोडी घालायची, पाणी वाढवायचं आणि भरपूर तिंबायची. तिंबणं या शब्दासाठी मी मराठीचा ऋणी आहे. मळणं वेगळं, तिंबणं वेगळं. पुरणपोळीची कणीक ज्यांनी तिंबलीय त्यांना पावाच्या पिठाचा पडदा ताणून त्यातून उजेड बघणं शिकवावं लागत नाही. आई म्हणते, पीठ कानाच्या पाळीसारखं झालं पाहिजे. मी वजनकाटा घेऊन बसतो, ती कानाची पाळी चाचपते, आणि दहापैकी आठ वेळा आमची उत्तरं जुळतात. उरलेल्या दोन वेळा ती बरोबर असते.

आता भट्टीबद्दल थोडं, कारण 'आमच्याकडे तसला ओव्हन नाही' हे न भाजण्याचं सगळ्यात लोकप्रिय कारण आहे. ओव्हन म्हणजे काय, तर वरून आणि खालून उष्णता. कोकणात काकडीचं धोंडस याच तत्त्वावर भाजायचे, पातेलं चुलीवर आणि झाकणावर निखारे. गोव्याचं बेबिंकही तसंच, एक थर ओता, वर निखारे ठेवून तांबूस करा, मग पुढचा थर, असे सात किंवा जास्त. कायस्थ प्रभू घरांतलं निनावही वर-खाली आच देऊन भाजलं जातं. माझ्या ओटीजीतल्या दोन तारा म्हणजे त्या निखाऱ्यांना बटण लावलंय एवढंच. आमच्याकडे वीज ऐन मोक्यावर जाते, विशेषतः शनिवारी संध्याकाळी आणि विशेषतः पाव अर्धा भाजला असताना. तेव्हा अंगणातली चूल, जाड बुडाचं पातेलं, त्यात वाळू, वर पत्र्याच्या झाकणावर निखारे. थर्मामीटर नसला तर मैद्याची चिमूट आत टाकून ती किती वेळात तांबूस होते ते बघायचं. हेही कसबच आहे, आणि वीज असती तर मी ते कधी शिकलो नसतो. बेकिंग पेपर संपला तर केळीचं पान. पानगी ज्या पानात भाजतात त्यात पावही भाजतो, खालची बाजू वासाने वेगळीच होते.

आता खरा प्रश्न. हे सगळं कशासाठी?

आमच्या हापिसात सध्या 'स्किल' हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. वर्षाला इतके तास नवं शिकलंच पाहिजे असा नियम आहे, त्याचं पोर्टल आहे, पोर्टलवर आपल्या नावापुढे हिरव्या-लाल पट्ट्या आहेत. गेल्या दोन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या, त्यामुळे हिरव्या पट्टीकडे आम्ही सगळे देवाकडे बघावं तसे बघतो. त्यात आता कोड लिहून देणारी एआयची साधनं आली. जे लिहायला माझा अख्खा सकाळचा वेळ जायचा ते दोन मिनिटांत समोर येतं. मी वाचतो, दोन ओळी बदलतो, पुढे ढकलतो. काम वेगाने होतं, तक्रार नाही. पण संध्याकाळी जेव्हा विचार करतो की आज मी काय केलं, तेव्हा उत्तर येतं 'तपासलं'. केलं असं काही आठवत नाही.

भीती नोकरीची आहेच. त्याच्या खाली आणखी एक आहे, जिच्याबद्दल आम्ही चहाच्या टपरीवरसुद्धा बोलत नाही. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी आपण शिकणं फक्त बाजारासाठी करतो आहोत. ज्या शिकण्याला पट्टी नाही, सर्टिफिकेट नाही, ते शिकण्याची सवयच मोडत चाललीय. आणि ती सवय एकदा मोडली की मग हिरव्या पट्टीसाठीचं शिकणंही नुसतं व्हिडिओ पुढे ढकलत बसणं होतं. आपण सगळे ते करतो, खोटं कशाला बोला.

भाजण्याने हा प्रश्न सुटत नाही. पण दोन दिवस का होईना, मी पुन्हा करणारा होतो. पिठाला कंट्रोल झेड नसतं. मीठ टाकायचं राहिलं तर राहिलं. फुगायला जितका वेळ लागतो तितका लागतो, दुसरा माणूस मदतीला घेऊन तो अर्धा होत नाही (हे आमच्या मॅनेजर लोकांना कुणीतरी दाखवायला हवं). आणि निकाल खोटं बोलत नाही. पाव कापला की आतली जाळी सांगते की तिंबणं कमी पडलं की वेळ. मी वही ठेवतो, त्यात तारीख, खोलीचं तापमान, पाण्याचं तापमान, वेळ, निकाल. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलायची. कॉलेजात चार वर्षं प्रॅक्टिकलच्या जर्नली उतरवून काढल्या, प्रयोगाची वही खरंच कशासाठी असते ते आत्ता कळतंय.

आता आक्षेप. तीन नेहमीचे आहेत.

पहिला: मैदा, लोणी, साखर, तब्येतीचं काय? बरोबर आहे. पण अवघड पदार्थाचा एक फायदा असा, की तो महिन्यातून एकदाच होतो. रोज हापिसच्या कँटीनमध्ये आपण जे उचलतो त्याचा हिशेब आधी करू.

दुसरा: एवढं चांगलं जमतंय तर धंदा टाक! हे म्हणणारे मित्र मनापासून म्हणतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांनी घरून पाव-केक सुरू केले, काहींनी त्यावर घर चालवलं, त्यांना माझा नमस्कार. पण तो व्यवसाय आहे. त्यात एकच केक शंभर वेळा सारखा करावा लागतो, ऑर्डर वेळेत द्यावी लागते, नोंदणी लागते, गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं. मला शनिवारी आणखी एक गिऱ्हाईक नको आहे. आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला लगेच दर लावायची सवय जरा बाजूला ठेवली तर काय बिघडेल?

तिसरा आक्षेप मात्र माझा स्वतःचाच आहे आणि तो मी सोडवलेला नाही. कासा हे काही हौशीचं गाव नाही. आमच्या आजूबाजूचे बरेच वारली कुटुंबांतले लोक पावसाळ्यानंतर कामासाठी घर सोडतात. पालघर जिल्ह्याचं नाव अजूनही कुपोषणाच्या बातम्यांत येतं. तिथे अर्धा किलो लोण्यावर, म्हणजे एखाद्या मजुराच्या जवळपास दिवसभराच्या मजुरीवर, मी सरावाच्या घड्या घालणार? याला 'मी शेजारी वाटतो' हे उत्तर नाही, चार पाव वाटून हिशेब मिटत नाही. मी एवढंच करू शकलो, की महाग सामान वर्षातून एका पदार्थापुरतं ठेवलं आणि बाकी सगळा सराव इथल्या वस्तूंवर आणला. त्यातून हात आखडला नाही, उलट काम अवघड झालं. नागलीत आणि तांदळात ग्लुटेन नसतं, त्यांचा पाव फुगवून दाखवणं हे क्रोसाँपेक्षा कितीतरी कठीण आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण चिकू भट्टीत कसा वागतो हे सांगणारी पाकृ शोधायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही. गर आटवून वजन करायचं, किती पाणी गेलं ते बघून दूध कमी करायचं, गोडी चाखून साखर जवळजवळ काढूनच टाकायची, आणि नीट पिकलेलाच चिकू घ्यायचा, नाहीतर तोंडाला तुरटपणा येतो. पाकृ संपते तिथून पुढे खरी मजा सुरू होते असं माझं मत होत चाललंय.

शेजारच्या काकूंना ताडीचा पाव दिला तेव्हा त्यांनी तो उलटा करून खालची बाजू बघितली, बोटाने वाजवला आणि म्हणाल्या, "चुलीवर भाजलास ना?" विजेवरचा आणि चुलीवरचा त्यांनी वासावरून ओळखला. मला अजून ते येत नाही. म्हणजे यादीत आणखी एक कसब आलं.

असो. बरंच लांबलं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एक वजनकाटा घ्या, ग्रॅमवाला. एक साधा थर्मामीटर घ्या. ओव्हन नंतर घ्या, आधी कुकर आणि वाळूवर भागवा. जो पदार्थ आपल्याच्याने होणार नाही असं वाटतं तो निवडा, त्याचे पाच तुकडे कागदावर लिहा, आणि प्रत्येकापुढे घरातल्या, शेजारच्या किंवा ओळखीतल्या अशा माणसाचं नाव लिहा ज्याला तेवढा एक तुकडा येतो. एखाद्या तुकड्यापुढे नाव सापडलं नाही तर तो आपला. सुरुवात तिथूनच करा. आणि पहिला मैदा एकच किलो आणा, पावसाळ्यात त्यात पोरकिडे होतात.